परकीय भाषेचा वर्ग ठरवण्याआधी एक चाचणी घ्या: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय: पदवीच्या प्रथम वर्षात परकीय भाषा घेणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रवेशाच्या वेळी स्तरनिश्चिती चाचणी घेण्याबाबत.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

गेली १८ वर्षे मी नागपुरातील एका महाविद्यालयात जर्मन शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘इश हाइसे’, म्हणजे ‘माझे नाव’, एवढेच लिहिते आणि एकेकाला उठून आपले नाव सांगायला लावते. दुसऱ्या बाकावरचा मुलगा नाव सांगून थांबत नाही. तो कुठे राहतो, त्याच्या घरी कोण कोण आहे, त्याला काय आवडते, हे सगळे तो एका दमात सांगून टाकतो, कारण सीबीएसईच्या शाळेत त्याने दहावीपर्यंत जर्मन घेतलेले असते. त्याच्या शेजारची मुलगी अकरावी-बारावीला ‘स्कोअरिंग विषय’ म्हणून जर्मन घेऊन भरघोस गुण मिळवून आलेली असते. ‘आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू’ ही डाटिव्ह विभक्ती लावणाऱ्या शब्दांची माळ तिला पाढ्यासारखी पाठ असते, पण ‘काल मी बसने आले’ एवढे वाक्य मागितले की ती वहीची पाने चाळू लागते. आणि मागे खिडकीशी काटोलहून किंवा उमरेडहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी बसलेली असते. जर्मनचा एक शब्दही तिच्या कानावर कधी पडलेला नसतो. समोरच्या दोघांचे ऐकता ऐकता ती हळूच वही मिटते.

हे पत्र मी प्रामुख्याने त्या खिडकीशी बसलेल्या मुलीसाठी लिहीत आहे. स्तरनिश्चितीची चाचणी म्हटले की ती हुशार मुलांना पुढे नेण्यासाठी असते, असा समज आमच्या स्टाफरूममध्येही आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना एकाच वर्गात बसवल्याने येणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही. ते कंटाळतात, मोबाइल बघतात आणि शेवटी उत्तम गुण घेऊन जातात. न येणाऱ्या मुलीला मात्र पहिल्याच आठवड्यात वाटू लागते की आपली बुद्धीच मंद आहे. शेजारचा मुलगा हा धडा पाच वर्षांपूर्वीच शिकून आला आहे, हे तिला कोणी सांगत नाही आणि तो स्वतःही सांगत नाही.

तो का सांगत नाही, हा प्रश्न मी एकदा एका विद्यार्थिनीलाच विचारला. ती म्हणाली, “मॅडम, ए-वन तर मी शाळेतच करून टाकलं होतं. पण बिगिनरमध्येच बसली तर नव्वदच्या वर पक्के. वरच्या वर्गात जाऊन मार्क कशाला कमी करू?” ए-वन म्हणजे भाषेची सर्वांत खालची पायरी. तिचा हिशेब अगदी बरोबर होता. आपल्या रचनेत पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम म्हणजे पहिला धडा, दुसऱ्या सत्राचा म्हणजे त्यापुढचा. जो थेट दुसऱ्या स्तरावर बसेल, त्याला पहिल्या स्तराचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळत नाहीत. मग येत असलेली भाषा लपवणेच शहाणपणाचे ठरते. विद्यार्थ्याने ज्ञान लपवावे आणि त्याबद्दल त्याला बक्षीस मिळावे, अशी सोय आपण नकळत करून ठेवली आहे.

यात वेळेचा जो चुराडा होतो, त्याचा हिशेब मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रचनेत एका क्रेडिटला १५ तासांचे अध्यापन धरले जाते. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे एका सत्रात ३० तास, अर्थात ४५ मिनिटांच्या ४० तासिका. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ए-१ ते सी-२ या भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या ए-१ पायरीसाठी जर्मन शिकवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ही संस्था ८० ते २०० तासिका लागतील असे सांगते. म्हणजे आमच्याकडे मुळातच किमान निम्मी तूट आहे. त्यात पहिले दोन आठवडे मुळाक्षरे, आकडे आणि नमस्कार-चमत्कार यांत जातात. वर्गातील एका गटाला ते सारे आधीच येत असते, आणि दुसऱ्या गटाला ते त्या वेगाने पेलत नाही. मी मधला वेग धरते. मधला वेग कोणाच्याच कामाचा नसतो, हे १८ वर्षांनंतर कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ही अडचण जर्मनपुरती नाही. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध विहारामुळे आणि मूळ जपानच्या बौद्ध भिक्खू भदन्त सुरई ससाई यांच्यामुळे जपान हे नाव नागपूरकरांना परके नाही, आणि जपानी शिकू पाहणाऱ्या मुलांची संख्या माझ्या डोळ्यांसमोर वाढली आहे. जपानी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गात तर अजबच चित्र असते. अ‍ॅनिमे पाहून शिकलेला मुलगा भरभर बोलतो, समजतेही त्याला पुष्कळ, पण स्वतःला ‘ओरे’ म्हणवतो. हा दोस्तांमधला रांगडा ‘मी’. शिक्षकांसमोर तो वापरणे म्हणजे बाईंना ‘अगं’ म्हणण्याच्या जवळ जाणारा प्रकार. त्याला हिरागाना या जपानी लिपीतली एक ओळ वाचता येत नाही. दुसरीकडे एखादी मुलगी रेखीव हिरागाना लिहिते, पण तोंड उघडत नाही. या दोघांना ‘बिगिनर’ म्हणायचे की नाही, हे प्रवेश अर्जावरील ‘पूर्वी ही भाषा शिकलात का? होय/नाही’ या एका चौकोनावरून ठरत नाही.

प्रमाणपत्रावर विसंबावे तर तेही पुरे पडत नाही. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ ते एन-१ या पाच पातळ्या आहेत, पण तोंडी परीक्षा एकाही पातळीवर नाही. शालेय गुणपत्रिकेचे तर विचारूच नये. शिवाय शिकणे अर्ध्यावर तुटलेली मुलेही येतात. केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून असलेले जर्मन २०१४ मध्ये वर्षाच्या मध्यावर बंद होऊन त्या जागी संस्कृत आले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. पण ती मुले २०१९ ते २०२१ च्या सुमारास महाविद्यालयांत आली, तेव्हा त्यांना नेमके किती येते हे ना त्यांना सांगता येत होते, ना मला ओळखता येत होते.

चाचणी घेण्याचा प्रयत्न मी स्वतः एकदा केला आणि तो फसला, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. चार पर्यायांचे ४० प्रश्न काढले आणि २२ च्या वर गुण मिळवणाऱ्यांना वरच्या गटात घेतले. डोळे मिटून खुणा केल्या तरी अशा परीक्षेत सरासरी १० उत्तरे बरोबर येतात, याचा मी विचारच केला नव्हता. एक मुलगा २४ गुण घेऊन वरच्या गटात आला. व्याकरणाचे नियम त्याला ठाऊक होते, अंदाजही बरे लागले होते. पण वर्गात साधे ‘किती वाजले?’ विचारले की तो खाली बघायचा. परत खालच्या गटात जा, असे मी सुचवले तेव्हा मित्रांदेखत उतरण्यापेक्षा त्याने विषयच सोडला. चूक माझी होती. गट बदलण्याची मुभा मी आधीच जाहीर केली असती, तर ती नामुष्की वाटली नसती.

त्यानंतर मी जर्मन विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांत रूढ असलेल्या सी-टेस्टकडे वळले. तिची रीत सोपी आहे. एक छोटा उतारा घ्यायचा, पहिले वाक्य तसेच ठेवायचे आणि पुढे प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा. विद्यार्थ्याने तो भरायचा. ‘रोज सका- मी लव- उठते’ असे मराठीत दिले, तर आपण क्षणभरही थांबणार नाही. पण मराठी नुकतीच शिकणारा इथे नेमका कुठे अडतो ते लगेच दिसते. अशा एका उताऱ्यात २० जागा, त्याला पाच मिनिटे. चार-पाच उतारे म्हणजे अर्ध्या तासाच्या आत काम होते, आणि पर्यायच नसल्याने नुसत्या अंदाजावर निभावत नाही. त्याला पाच मिनिटांच्या समोरासमोर गप्पांची जोड दिली की माझ्या अनुभवात बहुतेकांची जागा बरोबर लागते. ज्यांनी भाषा कधीच शिकलेली नाही त्यांनी चाचणीला बसूच नये. त्यांची जागा आधीच ठरलेली आहे आणि त्यांना कोरा कागद समोर ठेवून घाबरवण्यात अर्थ नाही.

महोदय, अभ्यासक्रम ठरवणे हे विद्यापीठांच्या विद्यापरिषदांचे काम आहे, याची मला जाणीव आहे. पण क्रेडिटची चौकट शासन निर्णयांनी आली आहे, आणि गाठ तिथेच आहे. परकीय भाषेचे अभ्यासक्रम सत्रांना न बांधता स्तरांना बांधण्याची मुभा विद्यापीठांना द्यावी, ही माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती आहे. पहिल्या सत्रातला विद्यार्थी तिसऱ्या स्तरावर बसला, तर त्याची दोन क्रेडिट तितकीच खरी मानली जावीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठ याच्याही पुढे जाते: चाचणीने वरच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्याने तो वर्ग चांगल्या श्रेणीने पूर्ण केला, की खालच्या न केलेल्या वर्गांचे क्रेडिटही त्याच्या खात्यावर जमा होते. तेवढे लगेच जमणार नसेल तर राहू द्या; निदान भाषा येत असल्याची शिक्षा तरी होऊ नये. चाचणीचे गुण गुणपत्रिकेवर किंवा प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत कुठेही धरू नयेत, नाहीतर वर्षभरात तिचेही क्लास निघतील. आणि पहिले दोन आठवडे वर-खाली जाण्याची वाट दोन्ही बाजूंनी मोकळी असावी.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न आपण विचाराल याची मला कल्पना आहे. आमच्यापैकी बरेच जण तासिका तत्त्वावर काम करतात, आणि एका महाविद्यालयात एका भाषेचा एकच शिक्षक असतो. पण धरमपेठ, सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्स या भागांतली महाविद्यालये एकमेकांपासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर आहेत. दोन महाविद्यालयांनी भाषेचा तास एकाच वेळी ठेवला आणि एकाने पहिला स्तर, दुसऱ्याने दुसरा स्तर घेतला, तर एकही नवे पद न भरता दोन वेगळे वर्ग उभे राहतात. अडते ते एवढ्यावरच की एका महाविद्यालयाची हजेरी दुसऱ्याला चालत नाही. एक परिपत्रक निघाले तर ते सुटू शकेल.

राज्य शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला आहे. तिथे परिचारिका म्हणून रुजू व्हायचे तर साधारणपणे बी-२, म्हणजे सहांपैकी चौथ्या पायरीपर्यंतची जर्मन लागते. ए-१ पासून बी-२ पर्यंतची वाट किती लांब आहे ते वरच्या हिशेबावरून ध्यानात यावे. ज्या मुलांनी या वाटेचा पहिला टप्पा शाळेतच कापला आहे, त्यांना आपण महाविद्यालयात पुन्हा पायथ्याशी आणून उभे करतो.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपुरात असाल. आमचा जर्मनचा तास सकाळी सव्वाआठला भरतो आणि नऊ वाजता सुटतो, म्हणजे विधानभवनाचे कामकाज सुरू होण्याच्या बरेच आधी. मागच्या खिडकीशी एक बाक आहे. तिथे बसून एक तास ऐकावा, ही नम्र विनंती. तोवर पहिले सत्र उलटलेले असेल आणि तिची वही मिटलेली आहे की उघडी, ते आपल्याला स्वतःच दिसेल.

आपली विश्वासू,
जर्मनची एक शिक्षिका,
नागपूर