तोंडी लावण्याचा हिशेब

बेळगाव,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं वाक्य लिहून झालं, आता खरं काय ते लिहितो. तू मागं एकदा फोनवर विचारलास ना की काय रे आवाज बारीक आलाय, आजारी आहेस काय, तर आजारी बिजारी काही नाही मर्दा, भूक लागली होती. फोनवर सांगत बसलो असतो तर तू हसून फोन ठेवला असतास म्हणून पत्र लिहायलोय, पत्र मधेच कट करता येत नाही.

झालं असं की गुडघा दुखायला म्हणून डॉक्टरकडे गेलो, त्यांनी गुडघा सोडून पोटाकडे बघितलं, वजन काट्यावर उभं केलं तर 84, आणि रक्त तपासलं तर म्हणाले शुगर अजून झाली नाही पण बॉर्डरवर आहे. म्हटलं घ्या, आपण जन्मापासून सीमाभागातले, आता साखरपण सीमेवर. ते काही हसले नाहीत. काय काय खाता विचारले. मी अगदी देवाशपथ सांगितलो, दोन भाकऱ्या, भाजी, तोंडी लावायला थोडी चटणी, रात्री मूठभर भात, गोड तर सणासुदीलाच. आणि हे खोटं नव्हतं बरं का, तुला माहीत आहे मी कुंद्याच्या डब्यावर तुटून पडणारा माणूस नव्हे. मग 84 आलं कुठनं?

आता माझा धंदा तुला ठाऊक आहे, मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब लिहितो. दहा पोत्यांत अर्धा किलोची तूट आली तर रात्री झोप लागत नाही मला, आणि स्वतःच्या पोटाच्या खात्यात एवढी तफावत! शहापूरला मेव्हण्याचं सोन्याचं काम आहे, त्याच्याकडनं जुना इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणलो, सोनं तोलायचा, ग्रॅमच्या खाली दोन आकडे दाखवणारा. आईला वाटलं काही सोनंबिनं करायलाय काय हा. दुसऱ्या दिवशी त्या काट्यावर मी भाकरीचं पीठ ठेवलो आणि ती देवघरात जाऊन बसली.

आकडे कसे काढायचे ते पोरीकडनं शिकलो, नववीला आहे ती. एक ग्रॅम स्टार्च (पिठात असतो तो) नाहीतर साखर म्हणजे 4 कॅलरी, एक ग्रॅम प्रोटीन 4, आणि एक ग्रॅम तेल किंवा तूप 9. अॅटवॉटर म्हणून एक अमेरिकन होता, त्यानं शंभरावर वर्षांपूर्वी हे गणित बसवून ठेवलंय. आणि आपण कॅलरी म्हणतो ती खरं किलोकॅलरी, म्हणजे एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापवायला लागते तेवढी उष्णता. मला हे बंबाचं उदाहरण फार पटलं, का ते पुढं येईल.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्लो. रात्री भात वाढून घेतलो, ताटासकट ठेवून ताटाचं वजन वजा केलो, 300 ग्रॅम भरला, तक्त्यात बघितलो तांदूळ 100 ग्रॅमला साधारण 350, म्हणजे नुसता भात हजाराच्या वर! त्या रात्री अर्धा भात टाकून उठलो आणि बायकोशी भांडण. मग पोरगी म्हणाली पप्पा, तो तक्ता कच्च्या तांदळाचा आहे, शिजताना पाणी पितो की तो. शिजलेला भात 100 ग्रॅमला 130 च्या आसपास. म्हणजे माझ्या ताटात चारशेसुद्धा नव्हत्या. हिशेबनीस माणूस, आणि ओल्या मालाला सुक्या मालाचा दर लावला. यार्डात असं केलो असतो तर मालकानं त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

बरं, भात सुटला. भाकरीपण सुटली, साठ ग्रॅम पिठाची एक, जोंधळा 100 ग्रॅमला 330-340, म्हणजे भाकरीला 200. दोन खाल्लो तर 400. ठीक आहे, जेवण आहे ते. मग वळलो चटणीकडे, आणि लेका तिथं चोर सापडला.

आपल्या घरातली शेंगदाण्याची चटणी, तुझ्या आईनं केलेली आपण डब्यातनं चोरून खायचो तसली, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. मी रोजच्यासारखी ताटात घेतलो आणि काट्यावर ठेवलो, 32 ग्रॅम. शेंगदाण्याला 100 ग्रॅममागं साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यात मीठ मिरची लसूण धरून सूट दिली तरी ही 170 झाली. आणि वर तेल. आपण चटणीत मधे खड्डा करून तेल ओततो ना, ते 9 ग्रॅम, म्हणजे 81. बेरीज 250. एक भाकरी 200 आणि तोंडी लावायची चटणी 250! तिनदा बेरीज केलो. मी भाकरी खाऊन चटणी तोंडी लावत नव्हतो, चटणी जेवत होतो आणि भाकरी तोंडी लावत होतो.

आणि ते बंबाचं. 250 कॅलरीत बारा लिटरची बादली वीस डिग्रीनं तापते, म्हणजे डिसेंबरातलं आपल्याकडचं गारठलेलं पाणी आंघोळीपुरतं कढत. रोज दुपारी मी एक बंब पेटवायलोय पोटात आणि वर गादीवर बसून कीर्द लिहायलोय.

डॉक्टरला सांगताना "थोडी" म्हणालो होतो बघ. त्या थोडी शब्दात सगळी लबाडी आहे. मग मी थोडं-थोडं म्हणून जे जे जातं त्याच्याच मागं लागलो. घरचा चहा, एका कपात साठ मिली म्हशीचं दूध आणि दोन भरलेले चमचे साखर, झाले 110. यार्डात जो येतो तो चहा सांगतो, तिथला ग्लास लहान, त्याला निम्मे धर, पण तसे चार-पाच होतात, कारण नको म्हटलं तर शेतकऱ्याला वाटतं ह्याला आपला माल पटला नाही. घरचे दोन आणि हे धरून दिवसाचे पाचशेच्या घरात नुसता चहा! मी उभ्या आयुष्यात चहाला खाणं म्हणून धरलो नव्हतो.

आणि चिरमुरे. सगळी दुनिया सांगते चिरमुरे हलके, वजन कमी करायचंय तर चिरमुरे खा. नुसते खरंच हलके, 25 ग्रॅमची मोठी वाटी भरते आणि शंभरच्या आतबाहेर. पण नुसते खातो कोण? बायको चार वाजता डब्यात भडंग देते, तिला न सांगता तोललो, तेवढ्या चिरमुऱ्यांना पळीभर तेल आणि मूठभर शेंगदाणे होते, सगळं धरून 330. तिला म्हटलं तर म्हणाली मग कोरडे खा, मला काय, माझं तेल तरी वाचेल.

तेलावरनं आठवलं. आमच्यात महिन्याला पाच लिटरचा एक डबा लागतो, दिवाळी सोडून. माणसं चार. पाच लिटर म्हणजे साडेचार किलो, त्याला 9 नं गुणलं की चाळीस हजारावर कॅलरी, चार माणसं आणि तीस दिवस भागलं की माणशी रोज 340 च्या जवळपास. कोणी तेल पिताना दिसत नाही पण डबा तर संपतो! ग्रॅममध्ये माणशी 37-38. हैदराबादला ती राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, तिनं 2024 मध्ये जी थाळी सांगितली तिच्यात तेलतूप मिळून 27 ग्रॅम आहे. हा डब्याचा हिशेब तुझ्या घरी कर एकदा, काटा लागत नाही, नुसती डबा फोडल्याची तारीख लिहून ठेव. पुण्यात बाहेरचं खाणं जास्त, म्हणून तुझा डबा पुरला तरी खूश होऊ नको, हॉटेलातलं तेल तुझ्या डब्यात दिसणार नाही.

तर एका दिवसाची अशी कीर्द मांडलो. सकाळी चहा टोस्ट, पोह्याची प्लेट, यार्डातले चहा, दुपारचं जेवण, चारचं भडंग. संध्याकाळी पाचला बेरीज 1960. त्याच हैदराबादच्या संस्थेचा 2020 चा आकडा, बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110. म्हणजे खात्यात दीडशे शिल्लक आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंय.

त्याच तक्त्यात खाली जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाचा आकडा होता, 3470. तो बघून मी बराच वेळ गप्प बसलो बघ. आमचे आजोबा येळ्ळूरच्या शिवारात भाताची रोपं लावायचे, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून, त्यांची न्याहारी म्हणजे तीन भाकऱ्या, चटणी, वर तेलाची धार, कांदा फोडून. त्यांच्या पोटाला खड्डा होता. मी त्यांची न्याहारी तशीच ठेवलो आणि फक्त शेत काढून टाकलो. चटणीचा काही दोष नाही रे, ती बरोबर माणसासाठी केलेली आहे, मी तो माणूस नव्हे एवढंच.

यार्डातले एक हमालमामा आहेत, काडीसारखे, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळतात. दुपारी डबा उघडतात तर चार भाकऱ्या. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलो, तेल, शेंगदाणे, कॅलरी, बंब. ते सगळं ऐकून घेतले, हात धुतले आणि म्हणाले, काटा कशाला पाहिजे अण्णा, दोन पोती उचला की. शेजारच्या गाळ्यातला दिवाणजी कानडी, तो तेवढ्यात डबा पुढं करून म्हणतो, स्वल्प तगोळ्री, घ्या की थोडं! शेंगाहोळगी होती, आत शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, वर तूप. मराठीत थोडं काय आणि कानडीत स्वल्प काय, वजन तेवढंच भरतं.

घेतलो. अर्धी. नाही म्हणायचं कसं तूच सांग, इथं "ऊटा आयता", जेवण झालं काय, हे विचारणं म्हणजे रामराम आहे.

आता करतो काय ते सांगतो, कारण तू विचारणारच. उपाशी राहायचा प्रयोग आठ दिवस केलो, त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. तो सोडलो. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज सकाळी चार किलोमीटर चालतो, माझ्या वजनाला त्यात जेमतेम अडीचशे जळतात. म्हणजे एवढं सगळं चालून दुपारची चटणी फिटली, भाकरी अजून उधारीवर. नुसत्या चालण्यानं वजन उतरेल ह्या भ्रमात राहू नको, पण झोप चांगली लागते आणि झाडं बरी वाटतात. खरा फरक तोंडी लावण्यात केलोय. चटणी दहा ग्रॅम, वर तेल नाही, आणि बाकीची जागा काकडी, मुळा, कच्चा कांदा, पातळ ताक, हे हवं तेवढं. चहा दिवसाला तीन, एक चमचा साखर, बाकी वेळेला ग्लास हातात धरून बसतो, समोरच्याला वाटतं पिलो. (हे वाक्य तुझ्या पुण्यातल्या लोकांना वाचून दाखवू नको, "मी चहा पिलो" म्हटलं की हसतात म्हणून तूच सांगितला होतास.) भाकऱ्या दोनच्या दोन आहेत, त्याला हात लावलो नाही. अडीच महिन्यांत साडेतीन किलो उतरलं.

अडचण आहे ती आईची. तिच्या डोक्यात एकच, पोरगा चटणीला नाही म्हणायलाय म्हणजे सुनेनं काहीतरी शिकवलंय. परवा पंचमीचे शेंगदाण्याचे लाडू केली, मी आपला सवयीनं एक काट्यावर ठेवलो, 41 ग्रॅम, म्हणजे भाकरीएवढ्या कॅलरी, आणि तोंडानं बोलून गेलो. ती काही बोलली नाही. संध्याकाळी बघतो तर काटा गायब. शोधशोध शोधलो, सोन्याचा काटा, मेव्हण्याला काय तोंड दाखवू. रात्री विचारलो तर म्हणाली, पाठवून दिली त्याचा त्याला, खाणं मोजणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही. मी म्हटलो अगं हिशेब आहे नुसता. तर म्हणाली, तुझ्या आजोबांना मी दहा वर्षं वाढली, कधी किती खाल्ले विचारली नाही.

म्हणून आता अंदाजानं चाललंय. हाताला सवय झालीय, दहा ग्रॅम चटणी दोन बोटात कळते.

तू दिवाळीला येणार ना नक्की? चार दिवस काढून ये, एक दिवस धावतपळत नको. वैनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल ठेवतोय, त्यात कुंदा आहे अर्धा किलो आणि आईनं खास तुझ्यासाठी कुटलेली चटणी. कुंद्याचं गणित मी केलेलं नाही, करणारही नाही. चटणीची पुडी मात्र काटा जायच्या आधी तोललो होतो, 412 ग्रॅम. गुणाकार तू कर. आणि आईला फोन करून पोचली म्हणून सांग, थोडीशीच होती असं म्हणू नको, पुढच्या आठवड्यात दुसरी येईल.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा