अण्णांची वही

सोलापूर

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

आपण मराठी अस्खलित बोलता, पण वाचता ती तेलुगूच, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्यावे आणि मध्येच "पुरे गं" म्हणून तिला थांबवू नये, एवढी विनंती करतो. पत्र उघड लिहितो आहे, कारण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, आजही रात्रपाळी करणाऱ्या मुलांपर्यंत ते पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे.

2018 सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि चादरींची मागणी पुरी होत नव्हती. यंत्रमागाच्या बाजूला क्रँकचे लहान चाक आणि त्याच्या दुप्पट दात्यांचे खालच्या शाफ्टचे मोठे चाक एकमेकांत फिरते. त्यावरचे लोखंडी गार्ड काढून ठेवलेले होते. तेल घालताना ते दर वेळी खोलावे लागे, त्यात वेळ जाई, म्हणून ते काढायचा हुकूम वरून आला होता. दात्यांवर साचलेले कापसाचे तंतू मी चालू मागावरच चिंधीने पुसत होतो. आम्ही सगळेच तसे करत होतो, हे सांगण्यात मला भूषण वाटत नाही. चाकाने आधी चिंधी धरली आणि चिंधीने माझा उजवा हात आत नेला.

माझी किंकाळी ऐकून धावलेल्या दोघांनी माझा दंड धरून मला मागे ओढायला सुरुवात केली होती. आपण त्यांना ढकलून दूर केलेत. आधी मोटारीचा मेन बंद केलात, मग पट्टा उतरवलात, आणि एका हाताने माझे मनगट स्थिर धरून दुसऱ्या हाताने चाक उलटे, एकेक दाता मोजत असल्यासारखे, फिरवलेत. तेवढा वेळ मला युगासारखा वाटला आणि मी आपल्याला शिव्या दिल्या, त्याबद्दल आज क्षमा मागतो. हात तसाच ओढून काढला असता तर तर्जनीही राहिली नसती, असे पुढे सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सांगितले.

कोणी हळद आणली होती, ती आपण जखमेवर घालू दिली नाहीत. स्वच्छ फडके घट्ट दाबून हात उंच धरायला लावलात. मधल्या बोटाची तुटलेली दोन पेरी आपण चाकाखालून शोधून काढलीत, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलीत आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवलीत. एक जण ती थेट बर्फात टाकायला निघाला होता. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर मांस गारठून खराब होते, हे आपल्याला कुठून माहीत होते, हे मी कधी विचारले नाही. ते बोट जोडता आले नाही. पात्याने सरळ कापले गेलेले बोट जोडण्याची आशा असते, पण दात्यांत चिरडल्यावर रक्तवाहिन्यांचाच चुरा होतो. तरीही रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन बसलेले आपण मला अजून दिसता.

इथपर्यंतचे आभार कदाचित कोणीही मानले असते. माझे खरे ऋण यापुढचे आहे.

मी खाटेवर असताना कारखान्यात एक कागद तयार झाला. कामगाराने स्वतः गार्ड काढून हात घातला, असे त्यात लिहिले होते. त्या वाक्याचे वजन मला तेव्हा कळले नाही. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात कामगाराचा निव्वळ निष्काळजीपणा भरपाई बुडवायला पुरत नसे. मात्र सुरक्षेसाठी बसवलेले साधन त्याने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळेच इजा झाली असे ठरले, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतींत मालक मोकळा होत असे. म्हणजे त्या एका ओळीत माझा सगळा दावा संपत होता. शिवाय मी हजेरीपटावरही नव्हतो. मी तिथे कामालाच नव्हतो, असेही उद्या म्हणता आले असते.

आपण त्या कागदावर सही करायला नकार दिलात. कामगार न्यायालयात उभे राहून, गार्ड कोणाच्या सांगण्यावरून निघाले, ते कुठे पडून होते आणि ते परत बसवा असे आपण किती वेळा सांगितले होते, हे सगळे बोललात. जबाब मराठीत लिहिला गेला आणि आपण त्याखाली तेलुगूत सही केलीत. त्याबरोबर आपली ती छोटी वहीही पुढे केलीत. कोणत्या रात्री कोणता माग कोणाकडे होता, कोणता बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, कधी संपला, हे जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा म्हणून, आपण स्वतःच्या सोयीसाठी लिहीत होता. माझे नाव त्यात सलग अकरा महिने होते. त्या कायद्याच्या परिशिष्टात मधल्या बोटाची दोन पेरी गेली तर कमाईची क्षमता 9 टक्के घटली असे धरत, तर्जनीची गेली तर 11, पूर्ण अंगठा गेला तर 30. माणसाचा हात असा पेरापेराने मोजलेला पाहून मला आधी विचित्र वाटले. पण निदान मोजला तरी गेला, आणि तो आपल्या वहीमुळे.

पुढच्याच महिन्यात आपल्याला "उद्यापासून येऊ नका" असे सांगण्यात आले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण दुसऱ्या शेडमध्ये कमी पगारावर लागलात आणि याविषयी मला एक शब्दही बोलला नाहीत. मला ते आक्कांकडून कळले. तेव्हा लाजेने मी आपल्या घरी यायचे टाळले, हे कबूल करतो.

आता मीही जॉबरचे काम करतो. पाना डाव्या हाताने धरायची सवय झाली आहे. माझ्याकडच्या चोवीस मागांवर गार्ड आहेत, आणि पुसायचे असेल तर मेन बंद करूनच.

न्यायालयातून परत मिळालेली आपली वही इतकी वर्षे माझ्याकडेच राहिली. तिच्या शेवटच्या पानावर आपण कोणाला तरी दिलेल्या दोनशे रुपयांची नोंद आहे. ते परत आले की नाही, कळत नाही. रविवारी सकाळी वही घेऊन घरी येतो.

आपला ऋणी,
रात्रपाळीचा पोरगा