ठरवताना एकटा, घेताना दहा जण

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

"आई, मी दारू घ्यायची नाही असं ठरवलंय," असं तू फोनवर म्हणालास. तुझ्यावर माझा विश्वास आहे. शंका आहे ती परीक्षा संपल्याच्या रात्रीबद्दल. ठरवताना तू एकटा होतास. त्या रात्री भोवती दहा जण असतील, आवाज असेल आणि कुणीतरी न विचारताच सगळ्यांचे ग्लास भरत असेल.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत माणसाचा इरादा तीन गोष्टींवर उभा असतो: ती गोष्ट आपल्याला कशी वाटते, ती आपल्या माणसांना पटेल का, आणि ती आपल्या हातातली आहे का. 'आपली माणसं' म्हणजे घरी असताना आम्ही. हॉस्टेलवर ती जागा रूममेटनी घेतली. घेणारच. (थोडं टोचतं, पण असो.)

गंमत अशी, की त्या माणसांच्या मनात काय आहे हे तुम्हा कुणालाच धड माहीत नसतं. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल आपण जेवढे निर्धास्त आहोत, त्याहून बाकीचे जास्त निर्धास्त आहेत, असं तिथल्या विद्यार्थ्यांना सर्वसाधारणपणे वाटत होतं. म्हणजे जो तो मनातून थोडा बिचकलेला आणि वरून हसणारा. त्या हसण्यावरूनच शेजारचा त्याच्याबद्दल अंदाज बांधणार. पुढे सेमिस्टरभरात मुलांची स्वतःची मतं या चुकीच्या अंदाजाकडे सरकत गेली. मुलींची तशी सरकली नाहीत. तू मुलगा आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तेव्हा 'एक तरी घे रे' म्हणणारा मनातून तितका ठाम असेलच असं नाही. आणि गर्दीविरुद्ध उभं राहायला फौज लागत नाही. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत बाकीचे सगळे मिळून धडधडीत चुकीचं उत्तर देत, तेव्हा खरं बोलणारा एक जण जरी सोबत असला तरी माणसं गर्दीमागे खूपच कमी जात. तुझा तो एक जण आधी शोध, आणि जायच्या आधीच त्याच्याशी बोलून ठेव. काय म्हणायचं तेही ठरवून जा. 'नको, मी घेत नाही' एवढं पुरे. कारणं देत बसलास की वाद सुरू होतो. हातात स्वतः भरलेला पाण्याचा ग्लास ठेव, रिकामा हात लगेच दिसतो. परतीची सोयही आधीच कर. प्यायलेल्याच्या गाडीवर बसायचं नाही.

कुणी जास्त पिऊन बेशुद्ध पडला तर कॉफी किंवा गार पाणी ओतण्यात वेळ घालवू नका, त्याने दारू उतरत नाही. त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा. आपल्यावर येईल म्हणून थांबू नका.

आणि मला कितीही वाजता फोन कर, तू घेतली असलीस तरी. प्रश्न मी दुसऱ्या दिवशी विचारेन. विचारेन मात्र नक्की.

तुझी,
आई