लेदरचा सोफा थंडीत पारखताना

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि तिच्याबरोबर सोफ्यांची खरेदीही. या दिवसांत दुकानात हमखास कानावर येणारा प्रश्न म्हणजे, 'लेदर थंडीत गार लागेल का?' प्रश्न बरोबर आहे, पण गोव्यापुरता तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग कोणी विचारत नाही आणि नुकसान नेमके तिथेच होते. म्हणून हे पत्र.

आधी गारव्याचे पाहू. डिसेंबर-जानेवारीत पणजीत पहाटे पारा साधारण 20 अंशांपर्यंत उतरतो, सत्तरी-सांगे या आतल्या तालुक्यांत आणखी थोडा खाली. अशा पहाटे लेदरचा सोफा आणि मखमली कापडाचा सोफा एकाच खोलीत असतील, तर दोघांचे तापमान एकच असते. तरीही लेदर गार लागते, कारण त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. तो त्वचेला सगळीकडून टेकतो आणि अंगातली ऊब पटकन ओढून घेतो. मखमल फक्त तंतूंच्या टोकांनी टेकते, मधे हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही.

पण लेदरचा हा गारवा दोन ते चार मिनिटांचाच. सोफ्याचे लेदर जेमतेम 1 ते 1.2 मिलिमीटर जाडीचे असते. एवढा पातळ थर तापायला अंगाची थोडीशी ऊब पुरते. त्याच्या खाली फोम असतो आणि फोम तर ऊब अडवणाराच. एकदा थर तापला की तो अंगाच्या तापमानाशी जुळून राहतो. वारा लागून पुन्हा निवत नाही, कारण लेदरमधून वारा आरपार जात नाही. थंड देशांत लेदरचा सोफा आरामाचा मानतात तो यामुळे. पहिल्या मिनिटांचा गारवाही नको असेल, तर बैठकीवर जाडसर सुती चादर किंवा गोधडी अंथरा. चादर फिक्या रंगाची किंवा रंग न सोडणारी हवी. नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या लेदरवर उतरतो, तसाच चादरीचाही उतरतो आणि मग तो निघता निघत नाही.

आता गोव्याचा खरा मुद्दा. लेदर हे कातडीच्या तंतूंचे जाळे आहे. ते हवेतला ओलावा शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडते. माणूस शांत बसला तरी त्याच्या अंगातून वाफ निघत असते. थंडीत लेदर आतून कोरडे असते, म्हणून ती वाफ सहज शोषून घेते आणि तासभर बसले तरी पाठ चिकटत नाही. जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्के असते. तेव्हा तेच लेदर आधीच ओलाव्याने भरलेले असते, त्यात अंगाच्या घामाला जागा उरत नाही. म्हणजे जानेवारीत, तेही एसी लावलेल्या दुकानात, दहा मिनिटे बसून जो आराम वाटतो, तो त्या सोफ्याचा वर्षातला सर्वांत चांगला दिवस असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत वेताच्या विणीच्या खुर्च्या आहेत त्या उगाच नाहीत. विणीतून खालून वरून वारा खेळतो.

त्यामुळे सोफा घेताना पहिला प्रश्न 'गार लागेल का' हा नको. 'कशावर काय लावले आहे' हे आधी विचारा. 'लेदर सोफा' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली अस्सल लेदर, सगळीकडून. दुसरी, बैठक आणि पाठ अस्सल, पण बाजू आणि मागचा भाग पीयूचा (पॉलियुरेथेन, म्हणजे कापडावर दिलेला प्लॅस्टिकचा थर) किंवा रेक्झिनचा. ही फसवणूक नव्हे, मात्र ग्राहकाला सांगायलाच हवे, कारण पाचव्या वर्षी बैठक चांगली आणि बाजू सोललेल्या, अशी अवस्था होते. तिसरी वस्तू बाँडेड लेदर. लेदरचा चुरा चिकटवून वर पीयूचा थर दिलेली. चौथी निव्वळ पीयू किंवा पीव्हीसी, ज्याला आपण लेदरेट किंवा रेक्झिन म्हणतो.

यातल्या पीयू आणि बाँडेडबद्दल स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. साध्या प्रतीच्या पीयूचा थर ओलावा आणि उष्णता यांनी रासायनिकरीत्या तुटत जातो. आधी चिकट होतो, मग बारीक भेगा, मग पापुद्रे. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षांत हे बहुधा दिसतेच. कोणी बसले नाही, फ्लॅट बंदच होता, तरी होते. बंद फ्लॅटमध्ये उलट लवकर होते, कारण ओलावा कोंडून राहतो. सोललेल्या पीयूवर रंग, गोंद, ठिगळ काही टिकत नाही, कारण खालचा थरही तुटत असतो. तो सोफा पूर्ण नव्याने मढवावाच लागतो. तीन आसनी सोफ्याला आकारानुसार 54 इंची पन्ह्याचे 10 ते 14 मीटर कापड लागते आणि मजुरी वेगळी. पीयूच घ्यायचे असेल तर पॉलीकार्बोनेट प्रतीचे मागा आणि ओलाव्याने तुटण्याच्या, म्हणजे हायड्रोलिसिसच्या चाचणीत, 70 अंश तापमान आणि 95 टक्के आर्द्रतेत, ते किती आठवडे टिकले हे विचारा. चांगला माल ठेवणाऱ्याकडे हा आकडा असतो. पीव्हीसी रेक्झिन असे सोलत नाही, ते वर्षानुवर्षांनी कडक होऊन शिवणीजवळ फाटते. उन्हाळ्यात बसायला मात्र चारही प्रकारांत तेच सर्वांत वाईट.

अस्सल लेदर ओळखायला पाण्याचा थेंब टाकून पाहतात. ती परीक्षा भरवशाची नाही. रंगाचा थर दिलेले अस्सल लेदरही थेंब शोषत नाही. गादीची चेन उघडा आणि शिवणीजवळची कापलेली कड पाहा. अस्सल लेदरची मागची बाजू केसाळ, सुताड असते. मागे विणलेले किंवा जाळीचे कापड दिसले, तर वर कितीही सुंदर रेघा असोत, ते लेदर नव्हे. बाँडेडच्या मागे कधी कधी लेदरचा भुगा लावलेला असतो, त्याने फसायला होते. तिथे कड नखाने उकलून पाहावी, थर सुटा होतो.

आतल्या मालाकडेही बघायला हवे. बैठकीला 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो वजनाचा) फोम, पाठीला 28 ते 32 चालतो. गादीच्या खालच्या बाजूला सुती किंवा जाळीचे कापड असावे. तिथेही रेक्झिन असेल, तर बसल्यावर दबलेली हवा फक्त शिवणीतून निघते, गादी फुसफुसते आणि आत ओल राहते. सांगाड्याखाली प्लॅस्टिक ताणलेले नसावे. पाय निदान 4 इंच उंच हवेत, म्हणजे केरसुणी आणि वारा दोन्ही खाली जातील. किनारपट्टीच्या घरांत कापड ठोकायच्या गनच्या साध्या पिना गंजतात आणि कापडावर तपकिरी डाग उमटतात, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या पिना मागा. किमतीत फरक फार पडत नाही.

थंडीतल्या देखभालीत आपल्याकडे एक चूक घरोघरी होते. लेदर कोरडे वाटले की त्यावर खोबरेल तेल चोळतात. हे अजिबात करू नका. बाटलीतले खोबरेल जानेवारीच्या पहाटे थिजते, तसेच ते लेदरच्या छिद्रांतही थिजते आणि वर पांढुरका थर दिसतो. उन्हाळ्यात तेच तेल खवट होऊन वास मारते, रंग काळवंडतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य मिळते.

हा पांढरा थर तेल न लावताही कधी दिसतो. लेदर तयार करताना त्यात स्निग्ध पदार्थ मुरवलेले असतात, त्यातला जड भाग थंडीत पृष्ठभागावर येतो. लोक त्याला बुरशी समजून घासतात. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. केस वाळवायचे यंत्र मंद उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, 20-30 सेकंद धरा. थर विरघळून नाहीसा झाला तर ती चरबी, मऊ कापडाने पुसून टाका. तसाच राहिला, ठिपक्याठिपक्यांचा असला आणि कुबट वास आला, तर तो बुरा, म्हणजे बुरशी.

बुरा आला असेल तर सोफा किंवा निदान गाद्या बाहेर सावलीत काढा. घरात झटकू नका, कण सगळीकडे पसरतात. नाकातोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने कोरडाच झाडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड फक्त ओलसर करा आणि पुसा. आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, लावून पाहा. कापडाला रंग लागला तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. त्यानंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. थेट उन्हात ठेवू नका, लेदर आखडते आणि कडा वर वळतात. ब्लीच नको, भांड्यांचा साबणही नको. लेदर स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी. वारंवार साबणाने पुसलेले लेदर आधी निस्तेज होते, मग कडक.

लेदर मऊ ठेवायला लावतात त्या कंडिशनरच्या बाटलीवर बहुधा दर तीन महिन्यांनी लावा असे छापलेले असते. तो सल्ला थंड देशांसाठी आहे. तिथे हिवाळ्यात घरे तापवतात, घरातली हवा पार कोरडी होते आणि लेदर तडकते. गोव्यात वर्षातून एकदा पुरे, तेही डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पूर्वेकडून कोरडा वारा येतो. तीन आसनी सोफ्याला साधारण 50 ते 60 मिलिलिटर. कापडावर घेऊन पातळ लावा, तासाभराने उरलेले पुसून काढा. मे महिन्यात कंडिशनर लावून पावसाळ्याला सामोरे जाणे म्हणजे बुरशीला निमंत्रण. मे अखेरीस फक्त स्वच्छता करा. हात टेकायच्या आणि डोके टेकायच्या जागा लेदर क्लीनरने पुसा, कारण घाम आणि केसांचे तेल तिथेच मुरते आणि रंगाचा थर मऊ करते. डोक्याच्या जागी सुती कापड घातले तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

गोव्यात आणखी एक थंडी आहे, एसीची, आणि ती पावसाळ्यातही असते. खोली 24 अंशांवर आहे, बाहेर 29 अंश आणि 85 टक्के आर्द्रता आहे. एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या, की बाहेरची दमट हवा गार लेदरवर येते. त्या हवेतले पाणी 26 अंशांच्या आसपासच्या कोणत्याही पृष्ठभागावर धरू लागते, मग 24 अंशांचे लेदर सुटत नाही. हा ओलावा डोळ्यांना दिसत नाही, पण रोज बसतो आणि आठवड्याभरात शिवणींत बुरा धरतो. एसी बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास खिडक्या मिटूनच ठेवा, पंखा चालू ठेवा. एसीचा झोतही थेट सोफ्यावर नको.

बाहेरच्या भिंतीपासून सोफा निदान 4 ते 6 इंच पुढे ठेवा. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. घर बंद ठेवून जाणाऱ्यांनी सोफ्यावर प्लॅस्टिक कधीही घालू नये, जुनी सुती चादर घालावी. शक्य असेल तर ओलावा खेचणारे यंत्र 60 टक्क्यांवर लावून त्याची नळी बाथरूमच्या जाळीत सोडावी, नाहीतर टाकी भरली की यंत्र बंद पडते. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र स्वस्त मिळते. काटा 65 ते 70 टक्क्यांच्या वर रेंगाळू लागला की बुरशीचे दिवस आले असे समजावे.

दुकानदारांना आमची कळकळीची विनंती आहे. बिलावर नुसते 'लेदर सोफा' असे न लिहिता बैठक, पाठ, बाजू आणि मागचा भाग यांवर काय लावले आहे ते वेगवेगळे लिहा, फोमची डेन्सिटीही लिहा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूची प्रत आणि दर्जा जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ग्राहकांनीही आगाऊ रक्कम देण्याआधी हे लिहून घ्यावे. सोफा घरी आल्यावर चेन उघडून पाहायची आणि बिलाशी ताडून बघायची, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपले नम्र,
सोफाकाम करणारे कारागीर,
फोंडा, गोवा