त्या आठ बारचं काय करू?

बंड्या,

शिव्या देणारच आहेस, त्या वाचून झाल्यावर दे. इतके महिने काही कळवलं नाही आणि आता कळवतोय तेही काम निघालं म्हणून. मी बरा आहे. बाबांचा गुडघा ठीक, जिना चढतात. आई तुझी चौकशी करते, मी 'मजेत आहे' असं ठोकून देतो.

आपलं गाणं शूट करतोय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला म्युझिक व्हिडिओ घेतला. गाणं कुठलं यावर मन्या म्हणाला, घरचं असताना बाहेर कशाला हात पसरायचे? दुसऱ्याचं गाणं घ्यायचं तर शब्दांचा हक्क एकाचा, चालीचा दुसऱ्याचा, रेकॉर्डिंगचा तिसऱ्याचा, आणि सगळ्यांचे उंबरे झिजवायचे. आपल्यात चाल माझी, आवाज मन्याचा, रेकॉर्डिंग तिघांचं, शब्द तुझे. म्हणजे लेखी परवानगी तुझीच राहिली. मूळ मुद्दा तो नाही, नुसतं कानावर घालून ठेवतो.

पैसे नाहीत याचं आता कुणाला काही वाटेनासं झालंय. डिपार्टमेंटचा कॅमेरा, दोन लेन्स, धड चालणारी एकच बॅटरी. रिफ्लेक्टर म्हणजे थर्माकोलचा तक्ता. कॅमेरा सरकवायची डॉली म्हणजे व्हीलचेअर. शिऱ्या कॅमेरा घेऊन बसतो आणि ढकलायला दोघं लागतात, कारण शिऱ्या अजून तसाच आहे. एकच चैन, लोकेशनवरचा आवाज वापरायचाच नाही. पंखा करकरू दे, कुत्रं भुंकू दे, टेक वाया जात नाही. विकत घेणार ती फक्त जास्तीची हार्ड डिस्क, कारण शूट झालं की त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी, तोवर कार्डला कुणी हात लावायचा नाही.

मन्याचं काय सांगू? स्टेजवर वाघ, कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट फोटो. टेस्टला नुसते ओठ हलवत होता. ओठ बरोबर जुळत होते, तरी सगळं खोटं दिसत होतं, आणि का ते कळेना. शेवटी शिऱ्याने क्लोजअप मोठा करून दाखवला. गळा हलतच नव्हता! वरच्या सुराला मानेची शीर ताणली जाते, ओळ उचलण्याआधी छाती भरते, त्यातलं काही म्हणजे काही नाही. आता स्पीकर मोठ्याने लावून त्याला खरंच गायला लावतो, बेसूर तर बेसूर. कॅमेऱ्याच्या माइकवर आलेलं ते केकाटणं एडिटला मूळ ट्रॅकशी जुळवायला वापरायचं आणि मग पुसून टाकायचं. (पुसणार नाही. त्याच्या लग्नात वाजवणार.)

मध्येच स्लो मोशनचं खूळ निघालं. सेकंदाला 50 फ्रेमने शूट करायचं, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मग 25 वर चालवलं की हालचाल संथ आणि ओठ मात्र बरोबर. कागदावर झकास. पण दुप्पट वेगात तुझी ती अंतऱ्यातली जोडाक्षरं म्हणताना मन्याची जीभ अशी वळली की शिऱ्या खुर्चीवरून पडायचा राहिला. शिवाय शटरही 1/50 वरून 1/100 वर न्यावा लागतो, म्हणजे उजेड निम्मा. आपल्याकडे उजेड म्हणजे खिडकी. तो बेत बारगळला.

आणि टेम्पोवरून माझ्याशी भांडला होतास, आठवतंय? मिनिटाला 100 ठोके ठेवले म्हणून एक ठोका बरोबर 15 फ्रेमचा बसतो, चार ठोक्यांचा एक बार 60 फ्रेमचा. अख्खं गाणं चार मिनिटं, 100 बार, 6000 फ्रेम, कुठे अपूर्णांक नाही. तुझा 96 घेतला असता तर ठोका 15.625 फ्रेमवर आला असता. हे वाच आणि गप्प बस.

तर आता ते आठ बार. मुखड्यानंतरचे, ज्यांच्यावरून आपलं बोलणं बंद पडलं ते. 19.2 सेकंद ना शब्द, ना मन्याचा आवाज. मी अजूनही म्हणतो चार पुरेसे होते. पण रेकॉर्डिंगमध्ये आठ आहेत आणि तिथे काय दाखवायचं ते कुणालाच सुचेना. एकाला ड्रोन हवा. एकीला पावसात धावणारी मुलगी हवी. मुलगी आणि पाऊस दोन्ही कुठून आणायचे ते ती सांगत नाही. शूटच्या आधी आम्ही मोबाइलवरच्या फोटोंचा अॅनिमॅटिक केला, गाण्यावर एकेक फोटो लावून. आठ बारची जागा रिकामी राहत होती, म्हणून मी फोनमधली एक जुनी क्लिप तात्पुरती टाकली.

तुझा हात आहे त्यात, बाकी काही नाही. ती टेप गुंडाळलेली पेन्सिल, कुरतडलेली नखं, टेबलाच्या कडेवर ठेका. उभं शूटिंग, दोन्ही बाजूंना काळं. फोनचा फ्रेम रेट एकसारखा नसतो, त्यामुळे ठेका घसरत होता. शिऱ्याने आधी तो एकसारखा करून घेतला. तरी चौथ्या बारला तू मागे पडतोसच. फोनची चूक नव्हती, समजलं?

अॅनिमॅटिक पाहून सर म्हणाले, हे राहू दे, बाकीचं याच्या जवळपास आणा. मन्या तर त्या क्षणापासून दुसरं काही ऐकतच नाही. आणि माझी झोप उडाली. कारण त्या हातापुढे आमचा बाकी सगळा बेत नाटक वाटायला लागला. खिडकीत उदास बसलेला मन्या, रिकाम्या जिन्यावर मन्या, पाठमोरा मन्या. ती क्लिप ठेवली तर शॉट लिस्ट फाडायची आणि चार भिंतीत नुसतं गाणं होताना दाखवायचं. कुणाचे तरी हात, वायरींचा गुंता, मन्याचा गळा. मला ते आवडतंय, आणि शूट तोंडावर आलंय. शिऱ्याचा हात घेऊन तोच शॉट पुन्हा करून पाहिला. ठेका अचूक आणि शॉट मेलेला.

शिवाय क्लिपचा मूळ आवाज फक्त मला माहीत आहे. शेवटाला मी म्हणतोय, "बंड्या, आठाचे चार कर." त्यानंतर काय झालं ते तुला सांगायला नको. व्हिडिओत तो आवाज नसेल, पण एडिटला बसलो की मला दर वेळी ऐकू येतो. तुला हे चालणार आहे का? मन्याला विचारलं तर तो म्हणतो, बंड्याला काय विचारायचंय, हातच तर आहे.

तुझी नवी नोकरी कशी आहे? ताईच्या बाळाचं नाव काय ठेवलं? सगळं लिही, फोटोही पाठव.

शब्दांच्या परवानगीचा कागद सोबत आहे. सही करून पाठव. क्लिपसाठी खाली वेगळी ओळ ठेवली आहे, तिथे हो किंवा नाही लिही, पण या आठवड्यात. नाही म्हणालास तर शिऱ्याचा हात जाईल, आणि मग आयुष्यभर तक्रार करायची नाही.

तुझा,
पक्या