पानगळीतला वणवा आणि जंगलाचे बियाणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की जांबोटी-कणकुंबी रस्त्याने जाणाऱ्याला दोन्ही बाजूंचे रान वाळून गेलेले दिसते, आणि ‘एवीतेवी सुकलेच आहे, जळले तर काय बिघडले’ हा समज त्यातूनच रुजतो. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात झाडांच्या नोंदी ठेवण्याचा छंद असल्याने मला तो खोडून काढावासा वाटतो.

ऐन आणि किंजळ यांची पंख असलेली फळे पिकून गळतात ती याच कोरड्या काळात. पाने झडलेल्या रानात वारा अडत नाही, त्यामुळे ऐनाचे पाच पंखांचे फळ भिरभिरत बरेच लांब जाते आणि पाचोळ्याखाली शिरून जूनच्या पावसाची वाट पाहत पडून राहते. वणवा लागतो तो नेमका या पाचोळ्याला.

वर फांद्यांवरही स्वस्थता नसते. पावसाचा थेंब नसताना कुसुंबाला येणारी पालवी इतकी लालभडक असते की लांबून झाड फुललेच आहे असे वाटावे. फांदी खाली ओढून पाहिली तर टोकाची पाने लाल आणि लुळी, त्यांच्यामागची तांबूस, अगदी मागची पोपटी, असा पानांच्या वयाचा क्रमच हातात येतो. कुंभ्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी त्यांच्या केसरांचा सडा झाडाखाली पडलेला असतो. सावरीची गळलेली फुले खायला भेकर येते. धनेशाची मादी याच दिवसांत जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. अशा पोखरलेल्या बुंध्यात आग शिरली की झाड धुराड्यासारखे आतून धुमसत राहते.

फसगत होते ती पुढे. ऐनाची साल जाड असल्याने मोठी झाडे वाचतात, पावसात गवत उगवते आणि काहीच गमावले नाही असे वाटते. प्रत्यक्षात वीतभर उंचीची रोपे गेलेली असतात आणि मोकळ्या जागी रानमोडीचे तण माजते. मग पावसाळ्यात आपण समारंभपूर्वक रोपे लावायला निघतो, तीही अनेकदा अकेशियासारख्या परक्या झाडांची!

कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते आणि भीमगडच्या रानात म्हादई. 2011 मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण आग हद्द पाहून थांबत नाही. पाचोळा जळून उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्यांत उतरते.

गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून गवत पेटवणाऱ्या शेतकऱ्याला सरसकट दोषी ठरवणे मला मान्य नाही. त्याची गरज खरी आहे आणि चाऱ्याची दुसरी सोय झाल्याशिवाय नुसत्या दंडाने हे थांबणार नाही. तरी दोन गोष्टी सहज करता येतील. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून रानात मोकळे ठेवलेले पट्टे) पाचोळा दाटण्यापूर्वी, डिसेंबर-जानेवारीतच साफ व्हाव्यात, आणि वणव्याविषयीच्या सूचना गावोगावी कन्नडबरोबर मराठीतही लागाव्यात, कारण सर्वांत आधी धूर दिसतो तो गवळी गावासारख्या भीमगडच्या रानातल्या वस्त्यांना. वनखात्याने आणि ग्रामपंचायतींनी येत्या हंगामापूर्वी याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर, जि. बेळगाव)