आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे विचारलंत ते मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या टाळूच्या मागे सुपारीएवढी गाठ आली. डोक्यावर कायम पदर, त्यामुळे घरातही कोणाच्या नजरेस पडली नाही. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात 'चरबीची गाठ आहे' म्हणून ती काढून टाकली. टाके घालून घरी पाठवलं. दिवाळीपर्यंत त्याच जागी ती पुन्हा वर आली, वरून ओली राहू लागली. परहाटीची, म्हणजे कापसाची वेचणी सुरू होती, म्हणून मी नुसतं ड्रेसिंग करून घ्यायला तुमच्याकडे आले.

तुम्ही मोबाईलची बॅटरी लावून एकेक बट बाजूला केलीत. माझ्याच पिशवीतली शिलाईची मोजपट्टी घेऊन गाठ मोजलीत आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवलीत. मग विचारलंत, "काढलेली गाठ कुठं हाय ताई?"

"फेकली असन."

"अन् रिपोर्ट?"

"रिपोर्ट कायचा?"

तुम्ही काही बोलला नाहीत. हातमोजे काढले, दार लोटलंत आणि हळूच म्हणालात, "केस इतके विरळ लहानपणापासूनच हायेत का? काही मोठा आजार झाला होता?"

सिस्टर, लग्न जमवताना बाबांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. मीही सासरी कधी बोलले नाही. १९८९ साली, सात वर्षांची असताना, मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. आपल्याच अमरावतीकडच्या बाबांचं नाव भिंतीवर दिसलं की माझ्या आईला धीर यायचा. नसेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही आणि रोग तिथे दडून बसतो, म्हणून त्या काळी बऱ्याच मुलांच्या डोक्याला लाईट, म्हणजे कॅन्सर मारणारे किरण देत. मलाही दिली. आता बहुतेक मुलांना त्याऐवजी पाठीच्या कण्यातून औषध देतात. मी वाचले ती त्याच उपचारांनी, त्या लाईटबद्दल माझ्या मनात राग नाही.

चौतीस वर्षांनी हे मी पहिल्यांदा तुमच्याजवळ बोलले. तुम्ही गावात एक शब्द बाहेर जाऊ दिला नाहीत. आज मी स्वतःच लिहिते आहे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत वर्धेच्या एस.टी.त बसलात. बाबांच्या पेटीतली टाटाची पिवळी पडलेली फाईल तुम्हीच शोधून आणायला लावली होती. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आधी तीच वाचली, त्यात किती लाईट दिली त्याचा आकडा होता, १८ ग्रे (ग्रे हे किरणांचं माप). मग तुकडा काढून तपासला. नाव लांबलचक निघालं, मॅलिग्नंट प्रोलिफरेटिंग ट्रायकिलेमल ट्यूमर. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून उठणारा हा कॅन्सर फार क्वचित होतो, बहुतेक वेळा बायकांच्या डोक्यावरच, आणि वरून साध्या गाठीसारखाच दिसतो. तो लाईटमुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण लहानपणी जिथे लाईट बसते तिथल्या कातडीला वीस-तीस वर्षांनीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो. तो बहुधा साध्या जातीचा असतो, कधी असा दुर्मिळही निघतो. म्हणून ती जागा जन्मभर बघत राहायची.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी कागदावर गाठ काढली आणि तिच्याभोवती दुसरं वर्तुळ. एवढी चांगली कातडीही काढावी लागेल, कडेला काही राहिलं की ती परत येते. मला लगेच कळलं. कपड्यात आपण शिवणीच्या कडेला जादा कापड, म्हणजे माया ठेवतो तसंच ते. पहिल्या वेळी गाठीभोवती मायाच घेतली नव्हती. खड्डा शेजारचीच कातडी वळवून झाकला, कारण लाईट बसलेल्या जागी मांडीची कातडी धरेलच याची खात्री नसते. कॅन्सर पसरला का ते बघायला मानेतल्या लसिकागाठी तपासल्या, त्यात काही निघालं नाही. काढलेल्या कातडीच्या कडाही स्वच्छ आल्या, कडेला कॅन्सर नव्हता.

त्या संध्याकाळी मी वॉर्डात रडत होते आणि तुम्ही माझी वेणी घालायला बसलात. अर्ध्या डोक्यावर केसच नव्हते, तरी घातलीत. ते मी कधीच विसरणार नाही.

आता ठरलेल्या तारखेला सेवाग्रामला जाते. मधल्या दिवसांत आरशात मागचं दिसत नाही, म्हणून सासूबाई रविवारी ओट्यावर बसवून डोकं बघतात. तुम्ही शिकवलंत तसं, बोटांनी मान चाचपून. त्यांना सगळं सांगून झालं आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी काहून नाही सांगितलं, पोरी?"

ज्यांच्या पोरांना लहानपणी लाईट दिली होती त्यांनी जुनी फाईल जपून ठेवा. आणि अंगावरची कुठलीही गाठ काढली तर ती तपासायला पाठवायला सांगा. मला ते माहीत नव्हतं, सिस्टर, तुम्हाला माहीत होतं.

तुमचा हिरवा ब्लाऊज शिवून ठेवला आहे. शिलाई घेणार नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवली आहे.

तुमची,
शिलाईवाली ताई